अमावस्येची सुट्टी

"आधी हाक मारायची, पोरी. ओ आली न्हाय, तर मोटारीच्या बटनाला हात लावायचा न्हाय."

कऱ्हाटीच्या विहिरीवर तिच्या आजोबांनी, रावजी आबांनी हे बजावलं, तेव्हा स्वरूपा फ्रॉकमध्ये होती. आबा आता नव्हते. तरी बारामतीच्या ऑफिसात संगणक सुरू करण्याआधी ती रोज गणपतीला मनातल्या मनात हाक मारायची, हात जोडायची, मगच बोटं कीबोर्डवर ठेवायची. ऑफिसातले हसायचे. हसू देत... नेम तो नेम.

त्या संकष्टीला ती मोरगावला गेली होती. आभाळ भरून आलं होतं. इकडचं आभाळ ते — येतं, दाटतं आणि न पडताच पुढं निघून जातं. दर्शन घेऊन ती पायऱ्या उतरत होती, तेवढ्यात कुणीतरी समोर दोन नारळ धरले.

"बाई, एवढं धरता का जरा? दोर सुटतोय."

खांद्यावर जाड दोराचं वेटोळं, पँटीला नदीचा वाळलेला चिखल, आणि डोळे मात्र आत्ताच धुतल्यासारखे. तिनं एक नारळ पिशवीत टाकला, एक हातात धरला.

"दोन कशाला? गणपतीला एक पुरतो की."

"एक देवाचा. एक आमच्या मोटारीचा, अमुशेला फोडायचा."

"मोटारीला नारळ?"

"देवापरीस तीच जास्ती रुसती."

तिला हसू आलं. उपासानं कोरडे पडलेले ओठ तिनं ओढणीनं झाकले. तो अविराज. शेळगावच्या पुढं नदीकाठच्या विहिरीवर शेतकऱ्यांच्या पाणीयोजनेचे पंप सांभाळायचा. तिनं आपलं काम सांगितलं — तिच्या नेहमीच्या, पुटपुटल्यासारख्या आवाजात.

"काय? ऐकू न्हाय आलं."

"मी... पंपाचं सॉफ्टवेअर... तुमच्या पंपांचंच..."

तो एक पाऊल जवळ आला. "म्हंजी आमची मोटार लांबनं चालू-बंद करती, ती तुमी? अवो, लई शिव्या घातल्यात मी तुमाला!"

"मग आता?"

"आता एकेक माघारी घ्यायला लागंल. टाइम लागंल... नंबर द्या."

चार थेंब पडले. तेवढ्यातच तिची एसटी आली. तिनं नंबर सांगितला; त्यानं आपला दिला आणि घाईघाईनं आणखी एक. "माझा लागला न्हाय तर ह्यो आईचा. कुशाबाई म्हणायचं. लगेच उचलती."

"आईचा कशाला?"

"मी खाली-वर असतो. ती कायम वर, घरीच असती."

ती काही समजली नाही. पण खिडकीत बसल्यावर तिला दिसलं — एक नारळ आपल्याच पिशवीत राहिलाय.

*

ऑफिसात त्या दिवसांत तिच्याकडं जुन्या कोडचं काम होतं. पंपांचा प्रोग्रॅम लिहिणारा माणूस नोकरी सोडून केव्हाच गेला होता, आणि कुठली ओळ कशासाठी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यासाठी टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर एक एआय सहाय्यक होता. बटनं नाहीत, चित्रं नाहीत. आपण ओळ टाइप करायची, त्यानं फाइली वाचायच्या, सांगितलं तर पंपांना आदेश पाठवायचे आणि ओळींतच उत्तर द्यायचं. स्वरूपा ते पडताळून डॉक्युमेंटेशन लिहायची. एका दुपारी त्यानं लिहिलं :

"या फाइलमध्ये चंद्राच्या कलेचं गणित आहे. महिन्यातून एक दिवस सकाळी वीज आली तरी पंप सुरू होत नाही. याचं कारण कुठं लिहिलेलं नाही आणि कोडवरून मला ते कळत नाही. हा भाग काढण्याआधी पंपावरच्या माणसाला विचारावं."

चंद्र नसण्याचा दिवस तिला कुणी सांगायला नको होता. अमावस्या! मोटारीची सुट्टी! अविराजचा नारळ आठवून ती एकटीच हसली.

तिचे वरिष्ठ शंभूराज सर हसले नाहीत. "कोडात अमावस्या? उद्या राहुकाळ घालाल. काढून टाक ते."

"सर... तिथं एकदा विचारू या?"

"कुणाला, चंद्राला?"

सगळे हसले. तिचे कान तापले. आधीच आपल्याला देवभोळी म्हणतात... ती पुढं बोलली नाही. ओळी पुसल्या गेल्या आणि पंप नव्या प्रोग्रॅमवर चालू लागले.

मधल्या दिवसांत अविराजचे मेसेज यायचे. "आज एक शिवी माघारी घेतली." "मोटार इचारती, आपल्या बाई जेवल्या का?" ती उत्तरं लिहायची, पुसायची, परत लिहायची. एकदा तिनं लिहिलंही — 'तुमच्या मोटारीची सुट्टी मी काढून टाकली.' मग वाटलं, गावाची श्रद्धा असेल, त्याला वाईट वाटेल. भेटल्यावर सांगू, हळूच. तिनं ते पुसलं, आणि 'जेवले' एवढंच पाठवलं.

*

अमावस्येला सकाळी पिंपळाला पाणी घालून, दहीभाताचा घास ठेवून ती ऑफिसात आली. हात जोडले. फोन वाजला.

"आज मोटारीला सुट्टी. फुटव्हॉल्व्हच्या जाळीला जलपर्णी अडकलीया, काढाया विहिरीत उतरतोय. वर आलो की एक इचारायचंय तुमाला. व्हय म्हणा."

पहिल्यांदा तिला शेवटचीच ओळ दिसली. गालांवर काहीतरी हुळहुळलं... आणि मग मधली ओळ दिसली.

खाली-वर असतो.

म्हणजे सुट्टी देवासाठी नव्हती. सुट्टी माणसासाठी होती.

मोटार सुरू झाली की पाइपच्या तोंडावरची ती जाळी सगळं आत ओढते — गवत, दोर... हात. तिनं फोन लावला. वाजत राहिला. विहिरीच्या काठावर, चपलांशेजारी वाजत असणार... पडद्यावर शेळगावच्या नावापुढं लिहिलं होतं : वीज नाही. पण वीज कुठल्याही क्षणी आली असती. वीज आली की प्रोग्रॅम जरा थांबतो, आणि मोटार सुरू करतो. तो तिनंच तसा वाचला होता, तसाच लिहून ठेवला होता.

तिनं काळ्या पडद्यावर लिहिलं : शेळगावचा पंप लगेच बंद ठेव. खाली माणूस आहे.

उत्तर आलं : "बंदचा आदेश पाठवला. पंपाकडून पोच आलेली नाही, त्यामुळे तो बंद राहील असं मी सांगू शकत नाही. तिथल्या माणसाला आत्ता फोन करा आणि मेन स्विच हातानं काढायला सांगा."

कुशाबाईंनी फोन लगेच उचलला.

"मावशी, मी स्वरूपा... ऑफिसातनं..."

"कोन? मोठ्यानं बोल की गं, कायबी उमजंना!"

"मेन स्विच ओढा!" ती ओरडली. जन्मात पहिल्यांदा. सगळं ऑफिस वळलं. "विहिरीवरचा! मोटार चालू होईल!"

"आज? न्हाय व्हत बाई. आज अमुशा हाय. म्हून तर कुनी फ्यूज बी काढत न्हाय."

"होईल मावशी! सुट्टी मी काढलीय! पळा!"

पलीकडं काहीतरी सांडलं. मग पळणारी पावलं, बांगड्या, कुत्र्याचं भुंकणं, धापा. स्वरूपा पडद्याकडं बघत होती. गणपतीचं नाव तोंडात होतं, पण ते पुढं सरकत नव्हतं... एकच अक्षर पुन्हा पुन्हा.

पडद्यावर अक्षरं बदलली. शेळगाव : वीज आली.

"मावशी!"

खाट्‌ करून आवाज आला.

"वढला गं... वढला."

"हाक मारा त्यांना. हाक मारा!"

"आवीऽऽ!"

काही नाही. वारा. पाणी गळतंय कुठंतरी.

"आवीऽऽ! आरं आवीराऽऽज!"

स्वरूपानं डोळे मिटले. पंप सुरू झाला होता की नव्हता? पडद्यावर 'माहिती नाही' एवढंच. बटनाच्या आधी हाक, आबा म्हणाले होते. आपण मारलीच नाही. आपण लाजलो...

आणि मग खोलातनं, दगडांवर आपटत आपटत आला —

"ओऽऽ! काय झालं गं आये?"

मागं शंभूराज सर उभे होते. हातातला चहा कलंडून बाहीवर आला होता, त्यांना कळलं नव्हतं. "ते... परत घाल," ते एवढंच म्हणाले.

*

थोड्या वेळानं त्याचा फोन आला. दात वाजत होते. तिनं सगळं सांगितलं, काहीच न झाकता.

"इचारायचं व्हतं एकदा," तो म्हणाला. "माझा हात त्या जाळीतच व्हता, स्वरूपाबाई."

"हो."

"खाली असताना भ्या न्हाय वाटलं. आता वर बसलोय तर... हिरीकडं बघवंना."

"तुम्ही काय विचारणार होता?" तिनं अगदी हळू विचारलं.

"आज न्हाय. भ्यालेलं माणूस कशालाबी व्हय म्हणतं. फुडल्या अमुशेला इचारीन."

"तुम्ही खाली असता तेव्हा विहिरीच्या काठावर कोण असतं?"

"कोन असतंय... मोटारीला सुट्टी असती न्हवं."

"मी येते. स्विच काढून वर मी उभी राहीन. हाक मी मारीन."

"तुमी?" आता त्याच्या आवाजात ते मोरगावचं हसू परत आलं. "तिथं हातभर अंतरावर मला ऐकू येईना तुमचं. हिरीच्या तळाला येनार?"

"आज शेळगावापर्यंत आला."

"व्हय," तो म्हणाला. "आला."

*

ओळी परत घातल्या गेल्या. त्यांच्या वर तिनं स्वतः लिहिलं : 'या दिवशी विहिरीत माणूस असतो. हे काढू नये.' सहाय्यकानं ते वाचून डॉक्युमेंटेशनमध्ये पहिल्या पानावर घेतलं. तरी महिनाभर 'वीज आली' ही अक्षरं दिसली की हातातलं काम टाकून ती आधी शेळगावची ओळ बघायची.

पुढच्या अमावस्येला तिनं रजा टाकली. पिंपळाला पाणी घातलं. देवापुढं ठेवलेला मोरगावचा नारळ पिशवीत ठेवला. घरमालकीण अजून उठली नव्हती. दाराची कडी वाजू नये म्हणून तिनं ती बोटांनी धरून लावली.

इंदापूरकडं जाणारी गाडी जवळजवळ मोकळीच होती.

"कुठं?" कंडक्टरनं विचारलं.

"शेळगाव."

"आं?"

स्वरूपानं घसा साफ केला, पिशवी छातीशी धरली, आणि विहिरीच्या तळाला ऐकू जाईल असं सांगितलं.