दोन बोटं माया

अब्बांच्या दुकानावर पाटी होती, 'मुबीन टेलर, फक्त जेंट्स'. सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या बायका ब्लाऊजचं कापड घेऊन आल्या की ते हात जोडायचे. "बाईमाणसांत मला एकच माप येतं, आमच्या फिरदोसचं." फिरदोस म्हणजे मी. हे मी वर्गात इतक्यांदा सांगितलंय की प्रियंका आता कानांवर हात ठेवते.

अब्बा जाऊन दोन वर्षं झाली. त्यांची टेप माझ्याकडे आहे, एकचा आकडा पुसलेली. मापांची वही आहे. आणि शेवटच्या ईदला शिवलेला जांभळा ड्रेस. त्यात दोन बोटं माया, म्हणजे शिवणीच्या आत दुमडलेलं जास्तीचं कापड. मी वाढले की उसवून सोडायचं.

यंदा वक्तृत्वात मी जिल्ह्यात पहिली आले. बक्षीस घ्यायला नवा ड्रेस हवा, आणि तो मीच शिवणार, असं जाहीर करून टाकलं. अम्मी म्हणाली, "जांभळा येतोय की अजून." मी ऐकते होय!

जुनं माप बघायला वही उघडली. माझ्या पानाच्या मागं, अब्बांच्याच अक्षरात: नाजनीन, मंद्रूप. खांदा, बाही, उंची. दरवर्षी, माझं माप घेतलं त्याच ईदच्या तारखांना.

अम्मी भाकरी थापत होती. तिला नाव वाचून दाखवलं. हात थांबले नाहीत.

"बाजाराला मंद्रूपला जायचे ना ते," एवढंच म्हणाली. मग, "तू जाऊ नकोस."

मी गेले. हजार माणसांसमोर बोलणारी मी, एका पोरीला काय घाबरायचं? बसमध्ये भाषणही तयार केलं. पहिलं वाक्य: अब्बा फक्त माझे होते.

भर दुपारी मंद्रूपच्या बाजारात बांगड्या विकणाऱ्या बाईंना मुबीन टेलरचं घर विचारलं. त्यांनी बोळ दाखवला. "आत्ताच गेले की हितनं," म्हणाल्या. मला वाटलं, दुसरं कुणी असेल.

दार माझ्याच वयाच्या मुलीनं उघडलं. माझ्याहून वीतभर उंच. अंगात जांभळा ड्रेस, तेच कापड. खाली घेराला उसवलेल्या शिवणींच्या तीन रेघा, आणि निळ्या खडूची ताजी खूण.

"अब्बा बाजारात गेलेत. बसा, येतीलच."

मी आत शिरले. "कुठले अब्बा?"

ती हसली. "माझे. सकाळीच माप घेतलं की. तुमी कोण?"

"फिरदोस. सोलापूरची."

तिचं हसू गेलं. "असं नका बोलू," ती हळूच म्हणाली. "फिरदोस वारली. दोन वर्षं झाली. अब्बांनीच सांगितलं. लई रडले."

मशीनवर टेप पडली होती. एकचा आकडा पुसलेला.

मी पिशवीत हात घातला. माझी टेप पिशवीतच होती.

बाहेर कुणीतरी खाकरलं. दारात आल्यावर अब्बा खाकरायचे, तसं.

त्यांना विचारायचं होतं, असं का सांगितलंत. पण त्यांनी मला ओळखलंच नसतं तर?

मी मागच्या दारानं निघाले.

घरी येऊन जांभळा ड्रेस घातला. खांदा बरोबर. बाही बरोबर. भिंतीला टेकून उंची मोजली. वहीत दोन वर्षांपूर्वी होती तेवढीच. पुन्हा मोजली.

ड्रेस काढून उलटा केला.

दोन बोटं माया तशीच दुमडलेली होती. एक टाकासुद्धा कधी उसवावा लागला नव्हता.