चार नंबरचा साचा

दुपारचे दोन वाजून वीस मिनिटं झाली होती, तिथून सगळं फिरलं. यंदाचाच, सन त्र्याऐंशीचा जानेवारी. थंडी अशी की सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या शेडचे पत्रेसुद्धा भर दुपारी गार लागत.

चांगुणाला तिथे कामाला लागून आठच दिवस झाले होते. बसच्या सीटा बनत. खालच्या साच्यात काचेच्या धाग्यांची पांढरी मॅट अंथरायची, वरचा साचा ठेवून बोल्ट आवळायचे आणि पंपाने आत रेझिन, म्हणजे पातळ चिकट रसायन, सोडायचं. ते आतल्या आत तापतं, दगड होतं. सीट काढून घेतली तरी साचा बराच वेळ उबदार राहतो. म्हणून थंडीत बाया आपली लेकरं गोधडीत गुंडाळून रिकाम्या साच्यात निजवत.

त्या दिवशी बाकीचे साचे भरलेले होते. चांगुणा सात महिन्यांच्या तानीला घेऊन उभी राहिली.

"चार नंबरात ठेव की," झुंबरबाई म्हणाली. शेडमधली सगळ्यांत जुनी बाई. "लय ऊब हाय त्यात. दूध येतं ना गं तुला भरपूर?"

"येतं की, मावशी. पदर भिजतो."

"बरं हाय," झुंबरबाई म्हणाली आणि हसली.

तानीला निजवून चांगुणा पलीकडे मॅट कापायला गेली. दहा मिनिटं झाली असतील, जास्त नाही. परत आली तर चार नंबरवर झाकण होतं. बोल्ट आवळलेले. पंप धपधप चालू होता आणि रेझिनचा उग्र वास नाकात झोंबत होता.

आतून रडू येत होतं... दबलेलं, अंगावर गोधड्यांची चळत टाकल्यासारखं.

"मल्हारीदादा! पंप बंद करा! माझी पोर आत हाय!"

मल्हारी मिस्त्रीने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "आत मॅट हाय नुसती. बघून झाकलंय मी. पीस खराब झाला तर तुला उद्या घरी बसवीन." आणि त्याने खिशातून कापसाचे दोन बोळे काढून कानांत कोंबले. सवयीचं काम असावं तसं.

चांगुणाने नळीची तोटी फिरवली. पान्हा घेतला. आठ बोल्ट. बोटं सोलली, नखं मोडली. रडणं बारीक होत चाललं होतं... आठवा बोल्ट सुटला. दोन्ही हातांनी तिने झाकण उलथवलं.

आत काहीच नव्हतं. नुसती ओली मॅट, रेझिनने चकाकणारी. फक्त एक ऊन झुळूक तिच्या छातीला लागून गेली.

"तुझी इथं हाय," मागून झुंबरबाई म्हणाली. टेबलाखालची गोधडी तिने बाजूला केली. तानी गाढ झोपलेली, कोरडी ठणठणीत. "मीच उचलून ठेवली."

"मग... आत कोण रडत होतं?"

"माझी." झुंबरबाई शांत होती. "तीन वर्सं झाली. मल्हारीनं न बघता झाकण घातलं. रडणं आलं, तवा म्हणला, आता पीस निघू दे. तवापासून हा साचा भरला की ती रडते. ओलं असतानाच उघडावा लागतो, मग सुटते."

"मग तुम्ही का नाय उघडला?"

"उघडून काय पाजू तिला? माझं दूध कवाच आटलं."

दुसऱ्या दिवसापासून झुंबरबाई कामाला आली नाही. चांगुणाही गेली नाही.

तानी आहे. पण तिला पाजायला घेतलं की पदराखाली दोन्हीकडे ओढ लागते. एकीकडे तानीचं तोंड असतं. दुसरीकडे कुणी दिसत नाही, तरी ती बाजू आधी रिकामी होते, मग हळूहळू तानीच्या बाजूचं दूधही कमी पडतं. वैद्य झाले, डॉक्टर झाले. तानीच्या मांड्यांची कातडी लोंबायला लागली आहे. आणि रोज सकाळी चांगुणाच्या उजव्या छातीवर रेझिनचा एक थेंब वाळलेला असतो, खरवडून काढावा लागतो.

त्या शेडमध्ये आता नव्या बाया घेताहेत म्हणे, अंगावर पिणारं लेकरू असलेल्याही. तुमच्या गल्लीतली, गावातली कुणी जाणार असेल तर तिला एवढं सांगा. आणि तिला म्हणावं, तूही पुढे चार जणींना सांग.