सरळ बोट

दुकानाच्या पाटीवर नुसतं 'विणकाम' असं लिहिलेलं होतं, पण सगळी गल्ली त्याला ताईचं दुकान म्हणायची. त्यात तिच्या धाकट्या बहिणीचंही काही आहे, हे कुणाच्या गावीही नव्हतं. धाकटी आता साठीला टेकली होती. केस पांढरे, गुडघे बोलायला लागलेले, तरी दूधवाल्यापासून शेजारच्या घड्याळवाल्यापर्यंत सगळ्यांची ती धाकटीच.

ताई उन्हाळ्याच्या तोंडावर गेली. शेवटपर्यंत विणत होती. ती डावखुरी, त्यामुळे तिचा टाका हजारात ओळखू यायचा, उलट्या बाजूला पिळलेला, मांडी घालून बसल्यासारखा. आणि सपाट. स्वेटर कसा इस्त्री फिरवल्यासारखा हवा, हे तिचं ब्रह्मवाक्य. धाकटीचा जीव मात्र उठावात. जाड वेण्या, गाठी, फुगीर टाके, डोळे मिटून हात फिरवला तरी चढउतार कळावेत अशी वीण तिला आवडायची. ताई ती बघायची, चष्मा कपाळावर सरकवायची आणि म्हणायची, "चुकलंय. परत घाल." मग सर्रकन उसवायची. धाकटीचं निम्मं आयुष्य असं उसवण्यात गेलं.

तो उठाव यायचा तिच्या उजव्या तर्जनीमुळे. लहानपणी कपाटाच्या दारात सापडून ते बोट मधल्या पेरात वाकडं झालं ते झालंच. दार ताईनं लावलं होतं, घाईत. त्यावर घरात कधी कुणी चकार शब्द काढला नाही. ताईनं मात्र ते बोट सरळ करायचा ध्यासच घेतला. रोज तेल लावून ओढायची, विणायची आखूड सुई बोटाला लावून वर पट्टी करकचून बांधायची. बोट कसलं ऐकतंय. विणताना धागा नेमका त्या वाकात अडकायचा, ताणून सुटायचा, आणि टाका ताठ उभा राहायचा. "सरळ बोटानं तूप निघत नाही, ताई," धाकटी म्हणायची. ताईला त्यावर कधी हसू आलं नाही.

ताई गेल्यावर महिन्याभरात नाटक कंपनीची कपडेपटवाली दुकानात आली. नव्या नाटकातल्या म्हाताऱ्या राणीसाठी तिला शाल हवी होती.

"झाडाच्या सालीसारखी पाहिजे," ती म्हणाली. "भेगा, गाठी, सगळं. शेवटच्या रांगेतून दिसली पाहिजे. जमेल?"

"जमेल," धाकटी म्हणाली, आणि तिला स्वतःच्याच आवाजाचं नवल वाटलं. मागच्या अंगणात जाऊन तिनं झाडाच्या बुंध्यावरून तळवे फिरवले आणि तपकिरी लोकरीचा गुंडा सोडला. हे एक काम तडीस गेलं नाही, तर आपण जन्मभर ताईची धाकटी होतो आणि तशाच मरणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. आणि ते तिला मुळीच मान्य नव्हतं.

सुरुवात झकास झाली. एका दुपारी ती पाव आणायला कोपऱ्यापर्यंत गेली आणि परत आली, तर शालीच्या मधोमध घातलेली मोठी गाठ नव्हती. भोक नाही, सुटलेला टाका नाही. त्या जागी हातभर सपाट वीण होती.

वयानं डोळे दगा देतात, असं स्वतःला बजावत तिनं तेवढं उसवलं आणि गाठ पुन्हा घातली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा सपाट. या वेळी तिनं शाल उजेडात धरली. टाके उलट्या बाजूला पिळलेले होते, मांडी घालून बसल्यासारखे.

शाल पत्र्याच्या ट्रंकेत घालून, कुलूप लावून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. मग तिनं घड्याळवाल्याला गाठलं. हा माणूस डोळ्याला भिंग लावल्याशिवाय सख्ख्या भावावर विश्वास ठेवायचा नाही. शाल त्याच्या मांडीवर देऊन ती अंगणात जाऊन उभी राहिली. परत आली तेव्हा तो होता तसाच बसलेला होता, फक्त हात शालीपासून लांब धरलेले.

"नजर हलवली नाही मी," तो म्हणाला. "एक शिंक आली, तेवढीच."

"मग?"

"मग काही नाही. घेऊन जा ती." त्यानं भिंग खोक्यात ठेवलं. "आणि धाकटे, माझं ऐकशील तर करून टाक सपाट. मेलेल्या माणसाशी कशाला वाद घालतेस?"

"जिवंत होती तेव्हा घातला नाही, म्हणून," धाकटी म्हणाली.

त्याच दुपारी तिनं ताईची वेताची खुर्ची खिडकीशी ओढली. तिच्यावर ताईच्या आखूड सुया ठेवल्या, उरलीसुरली राखाडी लोकर ठेवली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "ही तुझी जागा. तुझं तू वीण. माझ्या कामाला हात लावायचा नाही, सांगून ठेवते."

शब्द तोंडातून गेले ते गेले.

आणि शालीला खरंच कुणी हात लावला नाही. साल वाढत गेली, भेगा खोल झाल्या, गाठी मुठीएवढ्या झाल्या. धाकटी विणताना चक्क गुणगुणायला लागली.

खुर्चीतलं कामही वाढत होतं. आधी मनगट झालं. मग तळवा. जन्मभर उठावाला नाकं मुरडणारी ताई आता उठाव विणत होती. शिरा, नखं, पेरांवरच्या सुरकुत्या, सगळं बोटांना लागत होतं. अंगठ्याखाली भाजल्याचा चट्टा होता. धाकटीनं आपला उजवा हात शेजारी धरला. तोच चट्टा, त्याच जागी. राखाडी तर्जनी मात्र सुईसारखी सरळ होती.

भीती तिला वाटली. पण त्याच्या वरताण राग आला, पन्नास वर्षांचा शिळा राग. तिनं धाग्याचं टोक धरलं, चष्मा कपाळावर सरकवला.

"चुकलंय, ताई," ती म्हणाली. "परत घाल." आणि सर्रकन उसवलं.

इतकं सुख तिला कधी कशात मिळालं नव्हतं. ताई पुन्हा विणायची, ही पुन्हा उसवायची. हात रोज थोडा लवकर पुरा व्हायचा, पण कपडेपटवाली यायच्या आदल्या दिवसापर्यंत हा खेळ चालला.

त्या दिवशी टोक सापडेना.

टाके बंद केलेले होते. मनगटाशी तोंडही नव्हतं, आत हात घालायला जागाच नव्हती. धाकटीनं नखानं शिवण शोधली, उजेडात फिरवून पाहिलं. कात्री घ्यावी, तर लोकर कापायची नाही, हे तिच्या हाडात भिनलेलं. जाऊ दे, असं म्हणून तिनं तो हात खुर्चीवर टाकला आणि शाल घेतली. एकच गाठ राहिली होती, मानेजवळची.

गाठ उभी राहीना.

तिनं पुन्हा घातली. टाके लोळागोळा होऊन पडले. धागा बोटावरून नुसता घसरत होता.

तिनं हात वर धरला. तर्जनी सरळ होती. सरळ, गुळगुळीत, एखाद्या तरण्या मुलीची असावी तशी. बोटाला तेल लागलेलं होतं.

धाकटी बराच वेळ बघत बसली. बोट सुंदर होतं, हे तिला नाकारता येईना. तिला रडू फुटलं.

मग ती उठली. कपाट अजून तिथंच होतं, तेच जड दार, तीच पितळी कडी. तिनं दार उघडलं. बोट फटीत ठेवलं.

"हे तू केलंस तेव्हा चुकून केलंस," ती म्हणाली. "आता मी मुद्दाम करतेय."

डाव्या हातानं तिनं दार आपटलं.

नंतर ती पार गळून गेली. तरी बोटाला चिंधी गुंडाळून, घाम पुसत, तिनं शेवटची गाठ घातली. गाठ ताठ उभी राहिली. टाके बंद करून तिनं शाल अंगावर ओढली आणि बसल्या जागी तिचा डोळा लागला.

दारावरच्या थापेनं तिला जाग आली. कपडेपटवालीचा आवाज होता. ऊन खोलीभर पसरलं होतं. शाल अंगावर होती, सगळ्या गाठी शाबूत. खुर्ची मात्र रिकामी होती. राखाडी हात नव्हता, आणि दोन सुयांपैकी एकच उरली होती.

तिनं बोटाकडे पाहिलं. काल गुंडाळलेली चिंधी नव्हती. स्वच्छ पांढरी पट्टी होती, करकचून बांधलेली, गाठ उलट्या बाजूनं मारलेली. पट्टीतून आखूड सुईचं टोक बाहेर आलं होतं.

"आले, थांबा," तिनं दाराकडे बघून सांगितलं. दातांनी गाठ सोडली. सुई ओढून काढली. ती उबदार होती, कुणी तासन् तास हातात धरून विणत बसावं तशी.

बोट वाकडंच होतं. सुई तिनं खुर्चीवर, दुसरीच्या शेजारी ठेवली.

"चुकलंय, ताई," ती म्हणाली. "परत घाल."