मामाचं फिनाईल आणि पळपुटीची पिल्लं

"हे शेवटचं वेत! हीसुद्धा पिल्लं गेली, तर सगळे पिंजरे भंगारात," असं म्हणून मामाने फिनाईलची बादली उचलली.

त्याची भाची चिमणी सुट्टीला आल्यापासून बघत होती. मामाच्या सशांची पिल्लं चारा खाऊ लागली, की जुलाब होऊन मलूल पडायची. आणि मामाइतका टापटिपीचा माणूस तर दिवा घेऊन शोधला तरी सापडला नसता! पिल्लांच्या पेट्या तो रोज फिनाईलने पुसायचा. एक लेंडी राहू द्यायचा नाही.

"पळपुटीची पिल्लं मात्र टुणटुणीत आहेत बरं का," मावसभाऊ बटाट्या म्हणाला.

पळपुटी म्हणजे पिंजऱ्यातून निसटून लाकडांच्या ढिगामागे व्यालेली सशीण. तिथे मामाचा हात पोचत नव्हता. दोघांनी पालथं पडून डोकावलं. सशिणीने पिल्लांना पाजलं आणि जाताना चार लेंड्या टाकल्या. एका पिल्लाने त्यातली एक चक्क कुरतडली!

"ईऽऽ! लेंडी खातंय!"

"तू माती खायचास, विसरलास?" चिमणी म्हणाली. पण तिच्या डोक्यात चक्रं फिरू लागली होती.

पेट्यांत आईच्या लेंड्या राहू दे, असं तिने मामाला सांगून पाहिलं. "घाण खाऊन कुणी धडधाकट होतं का? चल, पळ!"

मग चिमणीने वेगळीच शक्कल लढवली. "मामा, उद्यापासून पेट्या आम्ही पुसतो. तू आराम कर."

मामा खूश! पोरांनी पेट्या फक्त बाहेरून पुसून लखलखीत केल्या. आत ओला पेंढा तेवढा बदलला, लेंड्यांना हात लावला नाही.

पिल्लं चारा खाऊ लागली, तशी चिमणीची झोप उडाली. एका सकाळी सगळ्यात छोटं पिल्लू कोपऱ्यात गप्प बसलेलं दिसलं. ती धावली. पठ्ठ्या बटाट्याच्या बुटाची नाडी कुरतडत होता!

जनावरांचे डॉक्टर तपासायला आले. एकही पिल्लू आजारी नव्हतं.

"बघा, सफाईची कमाल!" मामा म्हणाला.

चिमणीने खरं काय ते सांगून टाकलं. मामाचा चेहरा टोमॅटो झाला, डॉक्टर मात्र खो खो हसले.

"अहो, आईच्या लेंडीतून चांगले जंतू पिल्लांच्या पोटात जातात. कुणाशी लढायचं आणि कुणाला सोडायचं, हे शरीरातले शिपाई त्यांच्याकडून शिकतात. तुम्ही तर मास्तरांनाच हाकलत होतात! शाब्बास पोरी. इतकी वर्षं येतोय, पण त्या ढिगामागे डोकावायचं मला नाही सुचलं."

मामाने बादली चिमणीपुढे ठेवली. "आजपासून पिल्लांची कारभारीण तू."

"आणि मी?" बटाट्याने विचारलं.

"तू लेंड्यांचा राखणदार!"