भोंगा आणि भागूबाई

"अहो बाई! भोंगा ऐकू आला नाही का?"

काठावरून कोणीतरी ओरडलं. पण मी वळले नाही. नदीच्या पात्रात एका सपाट खडकावर ट्रायपॉड लावून मी उभी होते, आणि कॅमेऱ्याचं शटर उघडं होतं.

"हलू नका!" मी हात वर करून म्हणाले. "प्लीज... अजून थोडा वेळ!"

"मी? मी हलू नको? पाणी सुटणार आहे!"

तो थेट माझ्या फ्रेममधून धावत आला. मी शटर मिटलं तोच ट्रायपॉड कॅमेऱ्यासकट उचलून त्याने काखेत मारला आणि चालायलाच लागला. मी निमूटपणे त्याच्या मागे गेले. काठावरच्या दगडी पायऱ्या चढून आम्ही वर आलो, आणि मागे वळून पाहिलं तर माझा खडक दिसेना. तिथे फक्त गढूळ, फेसाळ पाणी धावत होतं.

मी पायरीवरच मटकन बसले.

"आता घाबरून काय उपयोग?" तो धापा टाकत म्हणाला.

"मी आता नाही घाबरले. मी सकाळपासून घाबरलेलीच होते. घाबरत घाबरतच तिथे उतरले."

"मग उतरलात कशाला?"



मी मुळातच भित्री. लिफ्टची भीती, कुत्र्यांची भीती, अवेळी वाजणाऱ्या फोनची भीती. दादाला घरी यायला जरा उशीर झाला की मी मनातल्या मनात त्याला हॉस्पिटलात नेऊन ठेवते. घरात सगळे मला भागूबाईच म्हणतात. मावशीचा फोटो स्टुडिओ आहे, तिथे दिवसभर मी पासपोर्टचे फोटो काढते. हनुवटी खाली, डोळे उघडे, हसू नका. सुट्टीच्या दिवशी मात्र कॅमेरा घेऊन बाहेर पडते आणि डोंगर-नद्यांवर नाना प्रयोग करते. जसं दिसतं तसंच टिपायचं असेल तर आपले डोळे आहेतच की!

त्या दिवशी मी लेन्ससमोर रबरबँडने एक काळी काच अडकवली होती. वेल्डिंग करणारे तोंडासमोर धरतात ना, तीच. तिच्यातून उजेड इतका थेंब-थेंब आत येतो की शटर कितीतरी वेळ उघडं ठेवता येतं. मग उसळतं पाणी धुरासारखं मऊ होतं आणि ढग ताणले जाऊन लांबच लांब पट्टे उमटतात. त्यासाठी धरणाखालच्या पात्रासारखी दुसरी जागा नव्हती.

मी त्याला फोटो दाखवला. तो वाकून बघत राहिला. त्याच्या शर्टाला ग्रीसचा वास येत होता...

"यात मी कुठाय?"

"तुम्ही नाही आलात. एवढा वेळ शटर उघडं असलं की धावणारा माणूस उमटतच नाही."

"म्हणजे जीव मुठीत धरून एवढा धावलो, आणि मी नाहीच?" तो इतका खट्टू झाला की मला हसू फुटलं. मग त्यालाही.

तो धरणाच्या दरवाजांवर कामाला होता. पाणी सोडण्याआधी भोंगा वाजवायचा आणि पात्रात कोणी नाही ना हे बघायचं, हे त्याचं काम. मी लगेच त्याचं बारसं करून टाकलं – भोंगा. आणि माझं घरातलं नाव त्याने माझ्याकडून बोलता बोलता काढून घेतलं.

पुढच्या सुट्टीला मी गेले तर तो पायऱ्यांवर उभा.

"आज दरवाजे उघडणार नाहीत. विचारून आलोय."

"कोणाला?"

"आमच्या इंजिनिअर बाईंना. त्या म्हणाल्या, आज तुझी ड्यूटी नाही, तुला कशाला रे चौकशा?"

"मग काय सांगितलंत?"

"काय सांगणार..." तो पाण्याकडे बघायला लागला. "गप्प बसलो. त्या हसल्या."

असे आम्ही भेटत गेलो. कधी कॅमेऱ्याच्या जुन्या फिल्टरला कडेकडेने व्हॅसलीन फासून मधलं झाड तेवढं स्पष्ट ठेवायचं आणि बाकीचं रान वितळवून टाकायचं. डबी त्याने घरून आणलेली. "टाचा फुटतात माझ्या, हसू नका," असं आधीच बजावून. कधी काठावरच्या उंच झाडांमध्ये शटर उघडं ठेवून कॅमेरा वरून खाली ओढायचा, की खोडांच्या नुसत्या उभ्या रेषा उमटतात, ओल्या रंगावरून बोट फिरवल्यासारख्या.

"मला जमेल?" त्याने विचारलं.

त्याने इतक्या जोरात हिसका दिला की चित्रात झाडं सैरावैरा पळताना दिसली.

"हळू... असं." मी त्याच्या हातावर हात ठेवला आणि कॅमेरा सावकाश खाली आणला. फोटो कसा आला ते आम्ही दोघांनीही बघितलं नाही. माझा हात तिथेच राहिला होता.

"भागूबाई," तो हळूच म्हणाला, "आता कशाची भीती वाटतेय?"

"कुठे काय?"

"मग हात गार का पडलाय?"

खरं सांगते, त्या दिवसापासून माझी झोप उडाली. प्रेमात पडल्यावर बाकीच्या मुली गुणगुणत असतील. मी त्याच्या मोटारसायकलचे अपघात बघू लागले. धरणाच्या भिंतीवरून त्याचा पाय घसरला, दरवाजाच्या यंत्रात त्याचा हात सापडला, असलं काहीबाही दिसायचं. दादा, आई, मावशी यांच्यासाठी मी जी काळजी रोज वाहायचे, तिच्यात तोही येऊन बसला होता. त्यावरूनच मला कळलं की माणूस आपला झाला. त्याला मात्र मी अवाक्षर बोलले नाही. बोललं आणि बिनसलं तर?

मग धुक्याचा तो दिवस आला.

सकाळी मी पोचले तेव्हा त्याची ड्यूटी सुरू झाली होती. वरून, भिंतीवरून त्याने हात हलवला आणि मान हलवून खूण केली – आज पाणी नाही. मी फोन आणि पिशवी पायरीवर ठेवली आणि कॅमेरा, ट्रायपॉड घेऊन पात्रात उतरले. त्या दिवशी मला एकाच फोटोत दोन चित्रं घ्यायची होती. आधी पात्राच्या मधोमध उभं असलेलं एकुलतं एक वाळकं झाड, मग कॅमेरा उलटा करून पुन्हा तेच, म्हणजे झाड आपल्याच मुळांतून वर उगवल्यासारखं दिसलं असतं. दोन्ही झाडं जुळता जुळेनात. मी इतकी रंगून गेले की धुकं कधी दाटलं ते कळलंच नाही. मान वर केली तेव्हा झाड नव्हतं. काठ नव्हता. धरण नव्हतं. माझे बूटसुद्धा अंधूक दिसत होते.

आणि भोंगा वाजला.

धरणाचा मोठा भोंगा. तो डोंगरांवर आपटून सगळीकडूनच यायला लागला. पुढून, मागून, डोक्यावरून. मी एका दिशेने चार पावलं टाकली आणि पाय पाण्यात गेला. दुसरीकडे वळले, तिकडेही पाणी. मघाशी ते तिथे नव्हतं.

मला नंतर कळलं, की रात्री वरच्या डोंगरात तुफान पाऊस झाला होता आणि पाणी भराभर चढत होतं. खालचा लहान दरवाजा पलीकडच्या माणसाने उघडलासुद्धा होता आणि मोठा उघडायची तयारी चालू होती. तो, माझा भोंगा, मला फोनवर फोन करत होता आणि फोन पायरीवर एकटाच वाजत होता. शेवटी त्याने इंजिनिअर बाईंना सांगितलं, "बाई, ती खाली आहे." बाईंनी एकदा चढत्या पाण्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. म्हणाल्या, "मोठा भोंगा बंद करा. हातभोंगा घेऊन तू खाली जा. मला थांबवता येईल तेवढं पाणी थांबवते, पण खाली गावं आहेत. मी कायमची थांबणार नाही."

मला यातलं काही माहीत नव्हतं. मोठा भोंगा एकाएकी गप्प झाला, एवढंच कळलं. ती शांतता त्या आवाजापेक्षा भयंकर होती. पाणी खडकांमधून बुडबुड करत पुढे सरकत होतं, जणू कोणीतरी घोटघोट पितंय. मी खडकावर उकिडवी बसले आणि आईची फार आठवण आली.

तेवढ्यात एका बाजूने, नक्की एकाच बाजूने, बारीक आवाज आला. हाताने फिरवायचा भोंगा. रडवेला होत चढला, उतरला आणि थांबला. मग त्याची हाक आली.

"भागूबाई! ओ दे! अगं, ओ दे!"

मला पहिल्यांदाच तो अगं-तुगं करत होता.

"ओ..." माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. "ओऽऽ!"

"ऊठ! माझ्या आवाजाकडे ये! आवाज थांबला की तूही थांब!"

"मला नाही जमणार! पाणी आहे मध्ये!"

"किती?"

"गुडघ्याएवढं!"

मग भोंगा पुन्हा वाजायला लागला.

ट्रायपॉड तिथेच सोडून मी पाण्यात उतरले. कॅमेरा गळ्यात, दोन्ही हात पुढे, आंधळ्यासारखी. पाण्याची ओढ पायांना बाजूला खेचत होती. भोंगा वाजला की चालायचं, थांबला की थांबायचं आणि ओरडायचं. एकदा दगड पायाखालून निसटला आणि मी कंबरेपर्यंत आत गेले. ओ द्यायला तोंड उघडलं तर तोंडात पाणी गेलं. माझी ओ गेली नाही तेव्हा भोंगा वेड्यासारखा वाजत सुटला, थांबेचना. मी त्या आवाजाला धरून, रडत, रांगत, खरचटत निघाले. शेवटी हाताला पायरीची धार लागली.

दोन हातांनी मला वर ओढलं. त्याचे तळवे सोलवटून निघाले होते. त्याने वर बघून आरोळी दिली, "आली!" आणि जरा वेळाने मोठा दरवाजा उघडल्याची घरघर माझ्या छातीत जाणवली. धुक्यात दिसलं काहीच नाही. नुसता आवाज... आणि पायऱ्या थरथरत होत्या.

तोही थरथरत होता.

"उद्यापासून इथे यायचं नाही," तो म्हणाला.

"पण–"

"मीच तुम्हाला खूण केली, पाणी नाही म्हणून. मी!" त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मला हे परत झेपणार नाही. तुम्ही घरी जा."

पुन्हा तुम्ही. ते तुम्ही मला त्या पाण्यापेक्षा गार लागलं.

मी गेले. ट्रायपॉड बुडवला म्हणून मावशी कडाडली, मग माझे खरचटलेले गुडघे बघून तिनेच हळद लावून दिली. सुट्ट्या येत होत्या, जात होत्या. मी पासपोर्टचे फोटो काढत होते. हनुवटी खाली, डोळे उघडे. फोन वाजला की आता वेगळीच भीती वाटायची, की त्याचा नसेल.

एका दुपारी स्टुडिओचं दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट, चापून बसवलेले केस. तो मुकाट्याने स्टुलावर जाऊन बसला.

"फोटो हवाय," तो म्हणाला.

"कशासाठी? पासपोर्ट?" माझा आवाज बरा निघाला.

"लग्नासाठी. मुलीकडे पाठवायचाय."

पायाखालचा दगड पुन्हा निसटला. मी कॅमेऱ्यामागे तोंड लपवलं. लेन्समधून तो फार जवळ दिसत होता. डोळ्यांखाली काळं झालेलं. तळव्यांवर नवी, गुलाबी कातडी.

"हनुवटी... जरा खाली. मुलगी कशी आहे?"

"भित्री आहे. एकदम समोर जाऊन उभा राहिलो तर घाबरेल, म्हटलं आधी फोटो पाठवावा."

माझं बोट बटणावरच राहिलं.

"आणि," तो घाईघाईने म्हणाला, "मी तिला नको तसं बोललो. इथे येऊ नका म्हणालो. ती माझ्यामुळे बुडाली असती, या भीतीने बोललो. पण ती आलीच नाही तर बुडायची भीतीसुद्धा कोणासाठी बाळगायची? रोज पायऱ्यांवर जाऊन बसतो. तिला विचारा ना... ती येईल का? मी काठावर उभा राहीन. दरवाजांची खात्री दोनदा करीन, तीनदा करीन..."

"ती विचारतेय," मी कॅमेऱ्यामागूनच म्हणाले, कारण डोळे भरून आले होते, "की इतके दिवस काय करत होतात?"

"हिंमत गोळा करत होतो."

"झाली?"

"नाही. तसाच आलो."

आतल्या पडद्याच्या कड्या खळकन वाजल्या. मावशी बाहेर आली. हातात फोन.

"फोटोबिटो काही नको," ती म्हणाली. "मुलीची आई माझी थोरली बहीण आहे. केव्हाची लाइनवर आहे. घ्या, बोला."

त्या पुराच्या काठावर पाय रोवून उभा राहिलेला माणूस स्टुलावरून असा उठला की स्टूल आडवं झालं. फोन त्याने कानाला लावला, मग दुसऱ्या कानाला.

"नमस्कार... मी... मी धरणावर..." पुढचे शब्द सापडेनात. आईचा आवाज मला लांबूनही ऐकू येत होता, प्रश्नावर प्रश्न. त्याने माझ्याकडे पाहिलं. कपाळावर घाम, ओठ कोरडे.

मी कॅमेऱ्यामागून बाहेर आले आणि त्याचा हात धरला. गारठलेला होता अगदी.

"घाबरू नकोस," मी म्हणाले. "मी आहे ना."