तिच्याकडं बघून सांगितलेली देवळं

योगिनीनं पहिलीवहिली सहल चारठाण्याला आणली, आणि देवळांची माहिती सांगणारा माणूस ऐनवेळी आलाच नाही! ही सहल फसली तर धंदा गुंडाळून मुकाट्यानं बँकेच्या परीक्षा द्यायच्या, असा शब्द ती वडिलांना, अण्णांना देऊन बसलेली.

तेवढ्यात एक उंच, सावळा तरुण बिचकत पुढं आला. "मी माऊली... हुरडा कवा भाजायला घेऊ?"

अच्छा, फोनवर नुसतं "हो, हो" करणारा तो हाच! यानं शेतात हुरड्यासाठी मांडव घातला होता. पण लाजेपायी साधी पाटी लावली नव्हती.

"तुम्ही इथलेच ना? मग देवळांचं तुम्हीच सांगा की!"

"मी? इतक्या लोकापुढं? न्हाई हो... जमायचं न्हाई."

"आणि एकाच माणसापुढं?"

"तेवढं जमतंय."

"मग माझ्याकडं बघा, मलाच सांगा. बाकीचे नाहीतच समजा."

त्यानं मान वर केली. बघितलं... आणि देवळाच्या भिंतीवरच्या एका मूर्तीकडं बोट करून हळूच बोलू लागला.

"ह्या बाईच्या पायात काटा रुतलाय. दगडाचाच हाय काटा... पण तिच्या कपाळावरची आठी बघा. बघता बघता आपलाच पाय उचलतो."

फोटो काढणारे हात खाली आले. ऐकू यावं म्हणून माणसं जवळ सरकली. योगिनीच्या अंगावर सर्रकन काटा आला. सहल ठरवताना ती इथं कितीदा येऊन गेली होती, ती आठी कुठं दिसली होती तिला!

मग रविवारमागून रविवार गाडी भरू लागली. ती समोर उभी राहायची, तो सांगायचा.

हुरड्याचा हंगाम सरत आला, तेव्हा मांडवात ती म्हणाली, "आता दुसरी गाडी. येलदरीचं धरण! मी तिकडं, तुम्ही इकडं."

"लय घाई करायलाव तुमी."

"आणि तुम्ही लय विचार करता!"

हुरडा भाजायच्या आगटीवरचा त्याचा हात थांबला. "मग मी सांगू कोणाला?"

"लोकांना!"

"शिकंन तेबी. पण..." साधी पाटी लावायला अख्खा हिवाळा घालवणारा माऊली एका दमात बोलून गेला, "दिवसभर लोकाला सांगंन. घरी आल्यावर मातर तुमालाच सांगायचंय... जलमभर."

योगिनी त्याच्याकडं बघतच राहिली — त्या काटेवालीकडं बघावं, तशी.

"येलदरीला काय घाई आहे?" शेवटी ती पुटपुटली. "अण्णांना भेटायला मात्र... उद्याच या."