आपण तिघे

छापखान्यात तिला सगळे बिनचूक म्हणत. यंत्रावर जाण्याआधी प्रत्येक पान तिच्या टेबलावरून जायचं आणि तिच्या लाल पेनातून एक अनुस्वारसुद्धा सुटत नसे. लग्नपत्रिका असो की औषधाच्या बाटलीवरचं लेबल, सगळं ती सारख्याच करड्या नजरेनं वाचायची. तिची स्वतःची लग्नपत्रिका तेवढी तिच्याकडे न येता परस्पर छापून आली आणि तिच्यात दोन चुका होत्या. त्या दिवशी ती डबा न उघडताच घरी गेली.

त्या लग्नातलं तिच्या मनाचं म्हणावं असं काहीच नव्हतं. हॉल सासरच्यांनी ठरवला, पाहुण्यांची यादी वडिलांनी केली, साडीचा रंग आत्यानं निवडला आणि केसांचं काय करायचं हे धाकट्या वहिनीनं परस्पर सांगून टाकलं. बिनचूकनं हूं की चूं केलं नाही. अट एकच घातली. हनीमून मी ठरवणार, आणि त्यात कुणीही नाक खुपसायचं नाही.

बेत असा होता. ऐन हिवाळ्यात बारा दिवस, पाच गावं आणि पाच खानावळी. पहिल्या गावात सूप, दुसऱ्यात निखाऱ्यावर भाजलेले मासे, तिसऱ्यात भट्टीतला पाव, चौथ्यात चीज आणि शेवटच्या गावात सफरचंदाचा केक. देखावे, किल्ले, बोटी काही नको. फक्त दोन खुर्च्यांचं टेबल आणि समोर वाफाळतं जेवण.

कारण तिच्या घरात माणसं अकरा. नवव्या वर्षी तिच्या हातात वाढायचा डाव आला तो सुटलाच नाही. आधी पुरुष, मग म्हातारी माणसं, मग मुलं, मग वहिन्या, असं दहा जणांना वाढून झालं की अकरावी ती बसायची. तोवर सगळं गार झालेलं असायचं. गरम जेवण तिच्या हातांना चांगलं माहीत होतं, जिभेला नव्हतं. हे तिनं कधी कुणाजवळ बोलून दाखवलं नाही. होणाऱ्या नवऱ्याजवळही नाही. तो भिंगं घासायचा, चष्मे बनवायचा आणि स्वभावानं गरीब होता. त्याला सगळे चष्मेवाला म्हणत, म्हणून तीही तेच म्हणायची.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिनं पाचही खानावळींना मेसेज पाठवला. तारीख, वेळ, दोघांसाठी टेबल. ती डब्याचं झाकण लावते न लावते तोच सूपवाल्या गावाहून उत्तर आलं.

‘आपण तिघे येणार . टेबल राखून ठेवावे . जेवण गरमच वाढावे .’

बिनचूकच्या कपाळाला आठी पडली. तिघे? तिनं पुन्हा लिहिलं, ‘दोघे. मी आणि माझा नवरा.’ लगेच उत्तर आलं आणि ते जसंच्या तसं होतं. तिघे.

वाचता येत नाही की काय या माणसांना! बरं, भाषा तरी धड असावी. खानावळवाल्यानं ‘ठेवू’ म्हणावं, ‘वाढू’ म्हणावं. हा उलट तिलाच हुकूम सोडत होता. आणि पूर्णविरामाआधी प्रत्येक वेळी एक मोकळी जागा सोडलेली. असली मोकळी जागा दिसली की तिच्या दातांत खडा आल्यासारखं व्हायचं.

संध्याकाळपर्यंत मासेवाल्याचं उत्तर आलं. मग पाववाल्याचं. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेली दोन. पाच गावं, पाच नंबर, कुणाचा कुणाशी संबंध नाही, आणि वाक्यं तीच. मोकळी जागासुद्धा तीच.

आता एकाच हाताचा मजकूर ओळखायला तिला शिकवावं लागत नव्हतं. कुणीतरी एकाच माणसानं या पाचही ठिकाणी कान भरले होते आणि तिसरी खुर्ची मांडायला लावली होती. ते माणूस कोण हेही आपल्याला कळलं, असं तिला वाटलं. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. अख्खं लग्न घेतलंत, साडी घेतलीत, केस घेतलेत, आता माझे बारा दिवसही हवेत?

अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती थेट चष्मेवाल्याच्या घरी गेली. त्याची आई खिडकीपाशी मटार सोलत बसली होती.

“काकू, तुम्हाला आमच्याबरोबर यायचंय का?”

“आई म्हण आता. कुठे यायचंय?”

“हनीमूनला.”

काकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली. “अगं, तुला बरंबिरं आहे ना? मला गुडघ्यांमुळे हा जिना उतरवत नाही. आणि माझे निम्मे दात रात्रंदिवस वाटीत. तिथलं जेवण मी काय चोखत बसू?”

“मग पाचही ठिकाणी तिघांचं टेबल कुणी सांगितलं?”

“मला काय माहीत! मला तुमच्या गावांची नावंसुद्धा कुणी सांगितलेली नाहीत. विचारलं तर म्हणे, नाक खुपसायचं नाही.” काकूंचा आवाज आता चढला होता. “हा घे फोन. बघ काय बघायचं ते. मेली मी कशाला तुमच्यात कडमडू?”

बिनचूकनं खरंच फोन घेतला. लाज वाटत होती, तरी घेतला. काकूंच्या मेसेजमध्ये फुलं होती, सुप्रभात होतं, नातवाच्या खोकल्याची चौकशी होती. पूर्णविराम एकही नव्हता. मोकळी जागा सोडायला आधी पूर्णविराम तरी लागतो. तिनं फोन परत केला आणि माफी मागितली. काकूंनी ती घेतली नाही. शेंगांचं सुपडं उचलून त्या आत निघून गेल्या.

चष्मेवाला दुकानातून आला तेव्हा त्याच्या शर्टावर काचेची पूड होती. बिनचूकनं त्याच्यापुढे फोन धरला.

“बघ. तुझ्या आईनं नाही केलं, माझ्या घरी कुणाला गावं माहीत नाहीत. मग हे कोण म्हणतंय की आपण तिघं आहोत?”

त्यानं चष्मा कपाळावर सरकवला आणि मोठ्यांदा वाचलं. “आपण तिघे येणार. टेबल राखून ठेवावे. जेवण गरमच वाढावे.” मग तो हसायला लागला. “अगं, हे तुला म्हणत नाहीयेत. हे कुणीतरी स्वतः येणारेय. आपण तिघं. तू, मी आणि हा बुवा. आणि वर याला जेवण गरम पाहिजे!”

बिनचूक हसली नाही.

इतका वेळ तिनं तो ‘आपण’ आदराचा म्हणून वाचला होता. गिऱ्हाइकाला लिहितात तसा, ‘आपण येणार’ म्हणजे ‘तुम्ही येणार’. गेली चौदा वर्षं ती हाच ‘आपण’ दिवसातून शंभरदा तपासत होती. त्याला दुसराही अर्थ आहे हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. आता तो घातला आणि बाकीची वाक्यं आपोआप जागेवर बसली. ‘ठेवू’ नव्हे, ‘ठेवावे’. ‘वाढू’ नव्हे, ‘वाढावे’. त्या मजकुरात भाषेची चूक एकही नव्हती. तो वाढणाऱ्यानं लिहिलेलाच नव्हता. तो जेवणाऱ्यानं लिहिला होता.

दुसऱ्या दिवशी छापखान्याच्या गच्चीवर जाऊन तिनं शेवटच्या गावी फोन लावला. केकवाल्या बाई बोलक्या होत्या. मागे भांड्यांचा आवाज येत होता.

“मेसेज? मला कुठे टाइप करता येतं बाई. तुमचा आला तेव्हा मी नुसता अंगठा पाठवला.”

“मग तिघांचं टेबल?”

“ते तुमच्या घरून फोन आला ना. बाईमाणूस होतं. दोघांचं नाही, तिघांचं करा म्हणाल्या.”

“कोण? नाव काय सांगितलं?”

“नाव नाही सांगितलं. त्याच घरात वाढलेय मी, असं काहीसं म्हणाल्या.”

“नीट आठवा. ‘वाढलेय’ म्हणाल्या की ‘वाढलंय’? लहानाची मोठी झाले म्हणाल्या, की जेवण वाढलं म्हणाल्या?”

पलीकडे भांडी थांबली.

“दोन्ही म्हणाल्या,” केकवाल्या बाई सावकाश म्हणाल्या. “आधी एक म्हणाल्या. मग दुसरं. मलाही तेव्हा जरा विचित्रच वाटलं.”

“आवाज कसा होता?”

“आता काय सांगू... तुमच्यासारखाच होता. म्हणून तर मी घरचं कुणी समजले.”

बिनचूक कठडा धरून जिना उतरली. खाली टेबलाशी बसेपर्यंत मात्र तिचा संताप पुन्हा उसळून आला, आणि भीतीपेक्षा तो तिला बरा वाटला. कोण लागून गेली ही? चोवीस वर्षं सगळ्यांच्या मागून गार गिळलं मी. एकदा, आयुष्यात एकदा पहिल्या पंगतीला बसायला निघाले, तर तिथेही माझ्या आधी कुणी येऊन हक्क सांगणार? बेत रद्द करायचा विचार तिनं केला आणि झटकून टाकला. तिनं पाचही ठिकाणी एकच ओळ पाठवली. ‘आम्ही दोघेच येणार. तिसरी खुर्ची दिसली तर उठून जाऊ.’ ‘आम्ही’ तिनं मुद्दाम लिहिलं. ‘आम्ही’मध्ये समोरच्याला शिरायला जागा नसते.

यावर कुठूनही उत्तर आलं नाही.

लग्न झालं. काकूंना ती आई म्हणायला लागली, त्या अजून ओ देत नव्हत्या. पाचव्या दिवशी दोघं निघाले आणि भर दुपारी पहिल्या गावात उतरले. थंडी कडाक्याची होती. रस्त्यावर माणसांच्या तोंडातून धूर निघत होता आणि खानावळ दोन वळणांवरच होती. बुटकं छत, आत पितळी दिवे, कांदा आणि मिरी परतल्याचा वास. चष्मेवाल्याचा चष्मा दारातच धुरकटला आणि तो आंधळ्यासारखा उभा राहून हसत सुटला. किती दिवसांनी तीही हसली.

मालक भले गृहस्थ होते. “दोघंच ना?” त्यांनी विचारलं.

“दोघंच,” बिनचूक म्हणाली.

टेबल तिनं स्वतः निवडलं. ते खिडकीला चिकटलेलं होतं. समोरासमोर दोन खुर्च्या, एका बाजूला ये-जा करायची वाट आणि दुसऱ्या बाजूला थेट काच. टेबलाची कड आणि काच यांत वीतभरही जागा नव्हती. वाटेच्या बाजूला तिनं दोघांच्या बॅगा एकावर एक रचल्या. आता खुर्ची मांडून दाखवाच म्हणावं. मग तिनं रुमालानं अख्खी काच लख्ख पुसली, रस्ता दिसावा म्हणून.

दोन मोठे वाडगे आले. चष्मेवाल्याच्या वाडग्यातून वाफांचे लोट निघत होते.

तिच्या वाडग्यातून नव्हते.

तिनं चमचा घातला. वर साय धरली होती. तिनं घोट घेतला.

गार.

“अहो, हे गार आहे,” ती मोठ्यांदा म्हणाली. दोन-तीन डोकी वळली.

मालक धावत आले. “एकाच पातेल्यातलं आहे बाई. आत्ता तुमच्यासमोर उकळतंय.” त्यांनी वाडग्याला हात लावला, आणि पुढे काही न बोलता तो उचलून नेला. दुसरा आणला. स्वयंपाकघराच्या दारापाशी असताना त्याच्यातून वाफ येत होती. टेबलावर ठेवला तेव्हा नव्हती.

“माझं घे ना,” चष्मेवाला म्हणाला आणि त्यानं आपला वाडगा तिच्याकडे सरकवला. “जीभ भाजेल, सांभाळ.”

वाडगा टेबलाच्या मध्यावर आला. वाफ विरली.

बिनचूक चमचा धरून तशीच बसली. तिचे डोळे भरून आले, ते भीतीनं नव्हे, रागानं. “मला एकदा गरम हवं होतं,” ती म्हणाली. कुणाला म्हणाली हे चष्मेवाल्याला कळलं नाही. “एकदाच.”

मग तिचं काचेकडे लक्ष गेलं.

तिनं पुसलेली काच सगळीकडे लख्ख होती. फक्त टेबलाच्या कडेला लागून, बसलेल्या माणसाचं तोंड येईल तेवढ्या उंचीवर, एक तळहाताएवढा धुरकट डाग होता. बघता बघता तो मोठा झाला. मग आक्रसला. थोडा थांबला. पुन्हा मोठा झाला, पुन्हा आक्रसला, सावकाश, चवीचवीनं, घोटाघोटाला फुंकर घातल्यासारखा.